गेज म्हणे थंड, इंजिन मात्र तापलेलं: भोसरीतल्या एका रेसिंग गो-कार्टचं प्रकरण

गाडी टेम्पोतून उतरवली तेव्हा पहिली नजर गेली रेडिएटरवर. जाळीच्या खालच्या अर्ध्या भागावर चंदेरी टेपच्या चार पट्ट्या आडव्या चिकटवलेल्या होत्या. एप्रिल महिना, भर दुपार, भोसरीत माझ्या शेडच्या पत्र्याखाली ३९ अंश. कार्टच्या रेडिएटरवर टेप लावतात हे खरं, पण ती थंडीतल्या सकाळी, पाणी लवकर तापावं म्हणून. पुण्यातल्या एप्रिलमध्ये टेप लावायची वेळ आली असेल तर कुठेतरी काहीतरी उलटं चाललंय, एवढं तिथेच कळलं. नेमकं काय ते कळायला तीन दिवस गेले.

“पाणी तापतच नाही हो सर,” मुलाचे वडील म्हणाले. “टेप मारली तेव्हा कुठे पन्नासच्या वर गेलं.”

मुलगा १६ वर्षांचा, चिंचवडचा. वडिलांचं दोन लेथचं छोटं युनिट. गाडी जुनी घेतलेली, पण इंजिन उत्तम: इटलीच्या इआमे कंपनीचं एक्स-३०, १२५ सीसी, टू-स्ट्रोक, वॉटर-कूल्ड, साधारण ३० हॉर्सपॉवर. बोअर ५४ मिलिमीटर, स्ट्रोकही जवळपास तेवढाच. १६,००० आरपीएमला लिमिटर लागतो. १६,००० म्हणजे सेकंदाला २६६ फेरे. त्या वेगात पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा पातळसा थर असतो, आणि सगळा भरवसा त्या थरावर.

तक्रार अशी होती. पहिले चार लॅप गाडी छान पळते. पाचव्या लॅपपासून सरळ रस्त्याच्या शेवटी दम सोडते, जणू कुणीतरी मागून धरून ठेवलंय. फेब्रुवारीत एकदा पिस्टन सीझ झाला होता. कार्टला मागचा अ‍ॅक्सल एकच, सलग. वेगात क्लचने इंजिन चाकांना जोडलेलं असताना ते जाम झालं तर मागची दोन्ही चाकं एकदम लॉक होतात. पोरगं गाडीसकट फिरून गवतात गेलं. लागलं काही नाही, पण त्याच्या आईने ते कुंपणापलीकडून डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर घरात ठरलं की गेज बसवायचं, म्हणजे पुन्हा असं व्हायच्या आधी कळेल. एआयएम कंपनीचा मायक्रॉन-५ आणला, दोन तापमानं दाखवणारा टू-टी प्रकारचा. एका ओळखीच्या माणसाकडून तो बसवून घेतला: पाण्याचं तापमान, एक्झॉस्ट गॅसचं तापमान आणि आरपीएम. आणि गेज बसल्यापासून गाडी सुधारायच्या ऐवजी बिघडत गेली.

मी गाडीला हात लावायच्या आधी आईंनी पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली. ट्रॅकवर प्रत्येक खेपेला लॅप टाइम, पाणी, एक्झॉस्ट असे तीन रकाने त्या स्वतः भरायच्या. मुलगा पिटमध्ये आला की गेजची मेमरी उलटी चाळून आकडे सांगायचा, त्या लिहायच्या. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त मदत कशाची झाली असेल तर त्या वहीची. मार्चमधल्या एका पानावर पाण्याचा रकाना असा होता: ४१, ४५, ४८, ४९, ४८, ४६, ४५. आणि पाचव्या लॅपपासून लॅप टाइम वाढत गेलेले.

हे पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. गाडी पळतेय, उन्ह आहे, इंजिनवर पूर्ण ताण आहे, आणि पाचव्या लॅपला पाणी थंड व्हायला लागतं? तेही नेमकं गाडी दम सोडते तेव्हा? एक्झॉस्टच्या रकान्यातही तेच. पहिल्या लॅपांना ५८०-५९० अंश, पुढे उतरत ५४५.

या आकड्यांवर वडिलांनी जे केलं ते कुठलाही विचारी माणूस करेल. पाणी कमी तापतंय, म्हणून टेप लावली. एक्झॉस्ट थंड होतोय म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, म्हणून टिलॉटसन कार्ब्युरेटरची हाय स्पीडची सुई थोडी थोडी करत आत घेतली. घड्याळाच्या मिनिट काट्याच्या हिशोबाने दहा मिनिटं. गेज सांगत होतं त्यावर विश्वास ठेवून एक माणूस आपल्या पोराचं इंजिन पुन्हा सीझ होण्याच्या दिशेने ढकलत होता, आणि त्याला वाटत होतं आपण त्याला वाचवतोय. मला ही गोष्ट फार लागली. हे सविस्तर लिहायचं कारणही तेच.

सायलेन्सर सोडवून एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्च मारला. पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या बाजूला उभ्या रेघा होत्या, बोटाला लागतील इतक्या. तीच बाजू सगळ्यात जास्त तापते आणि फुगते. इंजिन थंड चालत होतं तर या रेघा येणारच नव्हत्या. पेट्रोलमध्ये तेल ५ टक्के, मापाने घातलेलं, तिथे चूक नव्हती.

म्हणजे खोटं बोलत होतं गेज. पण गेज सहसा स्वतःहून खोटं बोलत नाही. त्याला जे ऐकवलं जातं ते तो सांगतो. म्हणून सुरुवात सेन्सरपासून केली.

मायक्रॉनला स्वतःची चार्जिंगची बॅटरी असते, त्यामुळे गाडीवरून काढून तो टेबलावर चालवता येतो. शेडमध्ये चहाची शेगडी आहे. पातेल्यात पाणी खळखळ उकळू दिलं, पाण्याचा सेन्सर बुडाला न टेकवता मध्ये धरला. आकडा ९८ वर येऊन थांबला.

“दोन डिग्री कमी दाखवतोय बघा,” वडील लगेच म्हणाले.

कमी दाखवत नव्हता. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी १०० ऐवजी ९८ च्या आसपासच उकळतं. मुंबईत हाच सेन्सर १०० दाखवेल. पुण्यात कुणी तुम्हाला उकळत्या पाण्यात बरोबर १०० दाखवणारा सेन्सर दिला तर तोच तपासायला हवा. मग बर्फाच्या पाण्यात धरला, तिथे १. सेन्सर निर्दोष होता.

मग एक्झॉस्टचा. हा थर्मोकपल, के-टाइप. दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा, क्रोमेल आणि अ‍ॅल्युमेल, टोकाला जोडलेल्या. टोक आणि गेज यांच्या तापमानात जेवढा फरक, तेवढा व्होल्टेज तारांमध्ये तयार होतो, अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. गेज स्वतःचं तापमान त्यात मिळवतो आणि आकडा दाखवतो. इतका बारीक सिग्नल असल्यामुळे तार कुठे, कशी जोडली याला महत्त्व येतं.

सेन्सरची केबल स्टिअरिंगपर्यंत पुरली नव्हती. बसवणाऱ्याने सिलिंडरजवळ ती कापून साध्या तांब्याच्या वायरने वाढवली होती. जोड नीटनेटका, सोल्डर केलेला, वर स्लीव्ह. काम वाईट म्हणता आलं नसतं, लाइटच्या वायरिंगला ते चाललंच असतं. सेन्सरचं टोक उकळत्या पाण्यात धरून ठेवलं, गेजवर ९७. मुलाला म्हटलं, हीट गन घे आणि लांबून फक्त या जोडावर हवा मार. त्याने मारली. ९७, ९१, ८४, ७८. टोक उकळत्या पाण्यातच होतं आणि गेजवरचा आकडा आमच्या डोळ्यांदेखत खाली उतरत होता. ७० च्या खाली गेल्यावर पोराने हीट गन बंद केली आणि वडिलांकडे पाहिलं. वडील काही बोलले नाहीत.

कारण साधं आहे. दोन्ही तारा तांब्याला जिथे मिळतात, तिथेच थर्मोकपल संपतो. पुढच्या दोन्ही तारा तांब्याच्याच, त्यामुळे त्यांच्यातला तापमानाचा व्होल्टेज एकमेकांत कटून जातो. गेजला वाटतं जोड माझ्याच तापमानाला आहे. गेज स्टिअरिंगवर ४० अंशांत आणि जोड सिलिंडरशेजारी ८५ अंशांत असेल, तर ४५ अंश हिशोबातून गायब. आणि जसजसे लॅप होतात तसतसा जोड तापत जातो, म्हणजे चूकही वाढत जाते. वहीतला ५८५ वरून ५४५ ला येणारा रकाना हा एक्झॉस्टचा नव्हताच, सिलिंडरच्या बाजूला तापत जाणाऱ्या त्या जोडाचा होता.

के-टाइप केबलच्या रंगांबद्दल एक सांगून ठेवतो, कारण इथे चांगले चांगले वायरमन फसतात. अमेरिकी पद्धतीत पिवळी तार पॉझिटिव्ह आणि लाल निगेटिव्ह असते. लाल म्हणजे प्लस या सवयीने जोडलं की सगळं उलटं. आयईसी पद्धतीत हिरवी पॉझिटिव्ह, पांढरी निगेटिव्ह. शंका असेल तर टोक लायटरने तापवा. आकडा खाली गेला तर तारा अदलाबदल झाल्यात.

तर एक्झॉस्टचं कोडं सुटलं. पाण्याचं राहिलं, कारण तो सेन्सर तर बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी होज पाइपवरून बोट फिरवत गेलो. कार्टमध्ये इंजिन उजवीकडे, रेडिएटर डावीकडे. सिलिंडर हेडच्या वरून गरम पाणी एका पाइपने रेडिएटरला जातं, तिथे थंड होतं, खालून पंपाकडे आणि पंपातून परत सिलिंडरला. सेन्सरचा जोड हेड आणि रेडिएटर यांच्यामधल्या पाइपमध्ये हवा. या गाडीत तो रेडिएटरनंतरच्या पाइपमध्ये होता. बसवणाऱ्याला ती जागा सोपी पडली असावी, पाइप तिथे सरळ आहे आणि सीटच्या बाजूने हातही जातो. म्हणजे गेज इंजिनमधून निघालेलं पाणी मोजत नव्हतं, रेडिएटरने थंड केलेलं पाणी मोजत होतं.

तेवढ्यावरही मी थांबू शकलो असतो. थंड बाजूला बसवलं म्हणून आठ-दहा अंश कमी, जागा बदला, झालं. पण वहीतलं ते पान सुटत नव्हतं. आठ-दहा अंश कमी दाखवणारा सेन्सर तेवढाच कमी दाखवत राहील. तो पाचव्या लॅपनंतर उतरायला का लागतो?

उत्तर पंपाजवळ सापडलं. या इंजिनाचा पाण्याचा पंप मागच्या अ‍ॅक्सलवरच्या पुलीने फिरतो, गोल रबरी बेल्टवर. दोन बेल्ट असायला हवेत, इथे एकच उरला होता. तो हातात घेतला तर काचेसारखा गुळगुळीत, त्यावर चेन-ल्यूबचा चिकट थर. अंगठ्याने दाबला तर पुलीवर सहज सरकत होता. गाडी थंड असताना तो धरायचा. चार लॅपनंतर गरम होऊन, वर चेनचं तेल उडून, घसरायला लागायचा. अ‍ॅक्सल फिरतोय, पंप मागे पडतोय.

आता सगळं जुळलं. पंप मंदावला की रेडिएटरमधून पाणी हळू जातं. जास्त वेळ जाळीत राहिल्यामुळे ते जास्त थंड होऊन बाहेर पडतं. तिकडे हेडमध्येही ते जास्त वेळ अडकून जास्त तापतं. थंड बाजूचा सेन्सर खाली जातो, हेड वर जातं. इंजिन जितकं तापेल तितकं गेज थंड दाखवेल, अशी ही बसवणूक होती. त्या गेजवर पाहून टेप लावली की दोन्ही बाजूंचं पाणी वर चढतं. गेजवर समाधानकारक ५१ येतो, आणि हेडमध्ये काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही.

अंदाजावर सोडायचं नव्हतं. टू-टी गेजला तापमानाच्या दोन जागा आहेत. एक्झॉस्टचा सेन्सर तात्पुरता काढून पाण्याचाच दुसरा सेन्सर लावला, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला. हाय सुई आधी दहा मिनिटं बाहेर, म्हणजे होती तिथे. पिस्टन नवा टाकला, सिलिंडर होन करून घेतलं. ट्रॅकवर आधी जुन्याच बेल्टवर, टेप न लावता, सहा लॅप अर्ध्या जोराने. मुलाला सांगून ठेवलं होतं, “गरम बाजू ६५ च्या पुढे गेली की लगेच आत यायचं, बाळा, लॅप पूर्ण करायचा नाही.” सहाव्या लॅपला गरम बाजू ६४, थंड बाजू ४६. अठरा अंशांचा फरक. मग दोन नवे बेल्ट टाकले, पुली थिनरने पुसली, पूर्ण जोराने दहा लॅप. गरम ५९, थंड ५०. शेवटपर्यंत फरक नवाच्या आसपास आणि सरळ रस्त्याच्या शेवटी दम सोडणं बंद.

या इंजिनाला ५० ते ५५ अंश मानवतात. एप्रिलच्या उन्हात ५९ मला मान्य होतं. मार्चच्या त्या दिवसांत टेप लावून पूर्ण जोराने पळताना हेडमधलं पाणी ७० च्या वर गेलं असणार, आणि सुई आत घेतल्यामुळे पेट्रोलसोबत येणारं तेलही कमी. पिस्टन दुसऱ्यांदा कसा तगला याचंच नवल वाटलं.

मग सगळी बसवणूक नव्याने केली. एक्झॉस्टच्या पाइपला पूर्वीचं भोक वेडंवाकडं होतं आणि टोक गॅसच्या प्रवाहात मध्यापर्यंत पोचत नव्हतं. पाइप इंजिनवरून काढूनच नवं भोक पाडलं. पाइप जागेवर ठेवून ड्रिल मारणारे लोक मी पाहिलेत, लोखंडाचा कीस थेट पोर्टमधून सिलिंडरमध्ये जातो. भोकावर आटे असलेला बुश वेल्ड केला, आणि पिस्टनपासूनचं त्याचं अंतर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. उद्या पाइप बदलला तरी तेच अंतर ठेवायचं, नाहीतर जुन्या आकड्यांशी नवे जुळणार नाहीत. केबल वाढवायला के-टाइपचीच वायर हवी होती. मी आधी पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत फिरलो, तिथे हवी तशी मिळाली नाही. मिळाली आमच्या भोसरीतच, हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवाल्याकडे. त्यांच्या भट्ट्या याच वायरवर चालतात. जोड के-टाइप कनेक्टरने केला आणि सीटच्या पुढे, इंजिनपासून लांब ठेवला.

आरपीएमची भानगड छोटी होती. गेजच्या मेमरीत मधूनच २१,०००, २३,००० असे आकडे होते. लिमिटर १६,००० ला असताना हे शक्यच नाही. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला एक स्पार्क, तो हाय-टेन्शन वायरवरून गेजला कळतो. कुणीतरी प्लग-कॅप बदलताना रेझिस्टर (स्पार्कचा विद्युत गोंधळ दाबणारा) नसलेली टाकली होती, आणि आरपीएमची वायर पाण्याच्या सेन्सरच्या केबलसोबत एकाच प्लास्टिकच्या टायने बांधली होती. रेझिस्टरवाली कॅप टाकली, मीटरने तपासली, ५ किलोओहम आला. आरपीएमची वायर वेगळ्या नळीवरून नेली. आकडे स्वच्छ झाले.

वायरिंगला मात्र मी अर्धा दिवस घालवला आणि त्याबद्दल मला अजिबात खंत नाही. कार्टला सस्पेन्शन नसतं. इंजिनचा आणि रस्त्याचा प्रत्येक झटका वायरला बसतो. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहिलं, केबल ताणली जात नाही आणि कॉलममध्ये अडकतही नाही इतकीच ती सैल सोडली. टाय घट्ट ओढले नाहीत, खाली रबरी नळीचा तुकडा घातला. ब्रेकच्या पाइपला एकही वायर बांधू दिली नाही. मुलगा बांधायला निघाला होता, त्याला कारण सांगितलं. टाय घासून ब्रेकचा पाइप झिजला तर गेज वाचवायला कुणी उरणार नाही. मग त्यानेच बाकीचे सगळे टाय बांधले, आणि माझ्यापेक्षा नीट बांधले.

पुढच्या तीन आठवड्यांत एक्झॉस्टचा आकडा स्थिर आला, सरळ रस्त्याच्या शेवटी ६०० च्या आसपास. पहिल्या लॅपला आणि दहाव्या लॅपला तोच. सुईला हात लावायचा तो या आकड्यावर आणि प्लगच्या रंगावर मिळून, हे वडिलांनी आता स्वतःच ठरवलंय. तिसऱ्या खेपेनंतर पुन्हा पोर्टमधून टॉर्च मारला. पिस्टनवर एकही रेघ नव्हती. आईंनी वहीत चौथा रकाना आखला: बेल्ट. गाडी उतरवायच्या आधी अंगठ्याने दाबून पाहायचा आणि बरोबरची खूण करायची.

डिसेंबरच्या एका रविवारी सकाळी साडेसातला वडिलांचा फोन आला. ट्रॅकवर १२ अंश होते. “सर, पाचव्या लॅपलाही पाणी ४३ च्या वर जात नाही. टेप लावू का?”

“बेल्ट पाहिला का?”

“पाहिला. दोन्ही घट्ट आहेत, नवेच आहेत. हिने, म्हणजे तुमच्या वहिनींनी, वहीत खूणही केलीय.”

“मग दोन पट्ट्या लावा. ऊन आलं की एक काढा.”